हवामानबदल आणि आपला परिसर: व्यवसाय, वीज-पाणी पुरवठादार आणि तरुण कार्यकर्ते यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यावसायिक, कॉलेजची मुलं आणि बिल पाहून वैतागलेले ग्राहक या तिघांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. एकाच गोष्टीची उजळणी नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हवामानबदल सगळ्या पृथ्वीचा आहे. एका शहराने काही करून काय फरक पडणार?

दोन वेगळ्या वह्या ठेवा. पहिली उत्सर्जनाची: आपण हवेत किती कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन सोडतो. इथली बचत सगळ्या जगात वाटली जाते, त्यामुळे एकट्या शहराने तापमान खाली आणलं असं कधीच दिसणार नाही. दुसरी वही तयारीची: ऊन, पूर किंवा दुष्काळ आला तर आपलं किती नुकसान होतं. इथल्या कामाचं फळ तिथल्या तिथे मिळतं.

हवा १ अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प सामावू शकते, म्हणून मुसळधार सरी आणखी जोरात कोसळतात. कोपनहेगन २ जुलै २०११ रोजी अशाच एका ढगफुटीत बुडालं. पुढच्या वर्षी शहराने ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला. बागा खोलगट करायच्या आणि काही रस्ते असे उतरते ठेवायचे, की पाणी तळघरांत न शिरता तिथे थांबेल किंवा वाहून जाईल. कोपनहेगनने उत्सर्जन शून्यावर आणलं असतं तरी त्या दिवशीचा पाऊस टळला नसता. खोलगट बाग मात्र उपयोगी पडते.

बहुतेक वाद या दोन वह्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. कुणी ‘आम्ही हवामानासाठी काम करतो’ असं म्हटलं की आधी विचारा, कुठल्या वहीत?

२. मग कुणाच्या हातात नेमकं काय असतं?

व्यवसायाच्या हातात खरेदी आणि यंत्रं असतात. वीज-पाणी पुरवठादाराच्या हातात तारा, पाईप आणि दर असतात. तरुणांच्या हातात वेळ, आवाज आणि पुढची साठ-सत्तर वर्षं असतात. तिसऱ्या गटाकडे अधिकार कमी आहेत, पण पहिल्या दोघांना अडचणीचे प्रश्न विचारायची मोकळीक त्यांनाच सर्वांत जास्त आहे. त्यांना ना कंत्राट टिकवायचं असतं, ना नोकरी.

३. आमचा छोटा व्यवसाय आहे. सुरुवात कुठून करावी?

धोरणाचा कागद लिहिण्यापासून करू नका. मागच्या बारा महिन्यांची वीज, इंधन आणि गॅसची बिलं काढा आणि महिन्यागणिक मांडा. फार मोठा सल्लागार न नेमताही यातून अर्धं चित्र उभं राहतं. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विजेचा आकडा तुमच्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांच्या सामायिक जाळ्यात, कोळसा किती आणि जलविद्युत किती यावर ठरतो, म्हणून तो दुसऱ्या देशाच्या तक्त्यातून उचलू नका.

मग बिलात न दिसणारी गोष्ट शोधा, ती म्हणजे एसी आणि शीतगृहातला वायू. आर-४१०ए हा एसीतला फार प्रचलित वायू. त्याचा एक किलो गळाला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे पावणेआठशे लिटर डिझेल जाळल्यासारखंच. ‘दरवर्षी थोडा गॅस भरावा लागतो’ असं तुमचा मेकॅनिक सहज बोलून जातो ना, तिथेच तुमचं मोठं उत्सर्जन लपलेलं असू शकतं. गळती बुजवणं हा दुरुस्तीचा खर्च आहे, त्यासाठी हवामान धोरण लागत नाही.

कारखाना असेल तर रात्री सगळं बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवून कान द्या. सूं सूं आवाज येईल. निगा न राखलेल्या ठिकाणी दाबाखालच्या हवेपैकी २० ते ३० टक्के नुसती गळतीत जाते. पंप आणि पंख्यांचं गणित तर आणखी गमतीचं आहे. त्यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. व्हॉल्व्ह अर्धा बंद करून पंप पूर्ण वेगाने पळवणं म्हणजे एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने ॲक्सिलरेटर दाबणं.

दुसऱ्या वहीसाठी एकच व्यायाम करा. सलग पाच दिवस कडक ऊन, किंवा दोन दिवस गुडघाभर पाणी, किंवा मुख्य पुरवठादाराचा रस्ता बंद असं काही झालं तर तुमचं काम नेमकं कुठे अडेल? विजेचा मुख्य पॅनल तळघरात असेल तर उत्तर लगेच मिळतं.

४. स्कोप १, २ आणि ३ म्हणजे काय?

ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या हिशेबपद्धतीतले हे तीन कप्पे. स्कोप १ म्हणजे तुमच्या आवारात किंवा वाहनांत जे जळतं आणि गळतं ते. विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जन स्कोप २ मध्ये येतं. बाकी सगळं, म्हणजे कच्चा माल, वाहतूक, कर्मचाऱ्यांचं येणं-जाणं आणि विकलेल्या वस्तूचा वापर, स्कोप ३ मध्ये.

खाचखळगे दोन. बऱ्याच कंपन्यांचा सर्वांत मोठा आकडा स्कोप ३ मध्ये असतो आणि जाहिरात मात्र पहिल्या दोन स्कोपची होते. दुसरं, स्कोप २ दोन प्रकारे मोजता येतो. एकात तुमच्या भागातल्या ग्रिडचं सरासरी उत्सर्जन धरतात, दुसऱ्यात तुम्ही घेतलेले करार आणि हरित प्रमाणपत्रं, म्हणजे कुठेतरी तेवढी नवीकरणीय वीज तयार झाल्याचे दाखले. दूरच्या पवनचक्कीची प्रमाणपत्रं घेतली की दुसऱ्या पद्धतीत आकडा शून्य होतो, पण तुमच्या सॉकेटमध्ये येणारी वीज तीच राहते. दोन्ही आकडे शेजारीशेजारी दाखवणारी कंपनी निदान लपवाछपवी करत नाही.

५. ‘कार्बन न्यूट्रल’ आणि ‘नेट झिरो’ एकच ना?

नाही. ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणवणारा व्यवसाय उत्सर्जन तसंच ठेवून ऑफसेट, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केलेल्या कपातीचं श्रेय, विकत घेऊ शकतो. ‘नेट झिरो’मध्ये आधी उत्सर्जन स्वतः जवळपास पूर्ण उतरवायचं असतं. कंपन्यांची हवामान उद्दिष्टं तपासणाऱ्या ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स’ या उपक्रमाच्या निकषात ही कपात साधारण ९० टक्के धरली आहे. उरलेलं शेवटी हवेतून काढून घ्यायचं.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश काढला. केवळ ऑफसेटच्या जोरावर एखादं उत्पादन ‘हवामान-तटस्थ’ म्हणून विकायला त्यात बंदी आहे आणि ती २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होते. दावा तपासताना तीन गोष्टी पाहा: आधारवर्ष कोणतं, कुठले स्कोप धरलेत आणि दोन-तीन वर्षांनी येणारा टप्पा काय आहे. २०५० सालचं उद्दिष्ट जाहीर करणारा अधिकारी तोवर निवृत्त झालेला असतो.

६. छतावर सोलर बसवलं. आता झालं ना?

पहिल्या वहीत चांगली भर पडली, पण तीन गैरसमज काढून टाका. ग्रिड गेली की बॅटरी नसलेली साधी सोलर यंत्रणाही बंद पडते. हा बिघाड समजू नका. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला उलट्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. त्यामुळे पुरात किंवा वादळात आपल्याकडे वीज असेल या भरवशावर राहू नका. दुसरं, कडक ऊन म्हणजे जास्त वीज असं गणित नाही. पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशामागे त्याची निर्मिती साधारण ०.३ ते ०.५ टक्के घटते. तिसरं, सगळ्यांची वीज दुपारी तयार होते आणि दिवे, पंखे, स्वयंपाक संध्याकाळी. पुरवठादाराची खरी कसोटी सूर्य मावळताना लागते. त्याबद्दल पुढे.

७. वीज कंपनी म्हणते, ‘ग्रिड अजून तयार नाही.’ खरं की बहाणा?

दोन्ही असू शकतं. साऊथ ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने वाहिनीचे मनोरे पाडले आणि पूर्ण राज्य अंधारात गेलं. खापर लगेच पवनचक्क्यांवर फुटलं. तपासात गोष्ट गुंतागुंतीची निघाली. व्होल्टेज वारंवार कोसळल्यावर काही पवनचक्क्यांची संरक्षण यंत्रणा ठरवलेल्या मर्यादेनुसार माघार घेत होती, आणि ती मर्यादा कुणी नीट तपासलेली नव्हती. सेटिंग बदलता आलं. पुढच्या वर्षअखेरीस तिथे हॉर्न्सडेलला १०० मेगावॉटची बॅटरी उभी राहिली, तेव्हाची जगातली सर्वांत मोठी. म्हणजे अडचण खरी होती आणि ‘नवीकरणीय ऊर्जा चालतच नाही’ हा निष्कर्ष खोटा.

अडचण नेहमी निर्मिती वाढवूनच सुटते असंही नाही. कॅलिफोर्नियात ६ सप्टेंबर २०२२ रोजी मागणी ५२,०६१ मेगावॉटच्या विक्रमावर गेली आणि भारनियमन दारात आलं. संध्याकाळी पावणेसहाला लोकांच्या मोबाइलवर सूचना गेली की नको असलेली वीज बंद करा. अर्ध्या तासाच्या आत मागणी सुमारे २,००० मेगावॉटने उतरली. दोन मोठ्या वीजकेंद्रांचं काम लोकांच्या बोटांनी केलं.

तेव्हा ‘तयार नाही’ हे उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न विचारा: कुठलं उपकेंद्र, कुठली वाहिनी, किती मेगावॉटवर अडतं आणि ते काम कोणत्या वर्षीच्या आराखड्यात आहे? खरी अडचण असेल तर याचं उत्तर असतं.

८. जास्त उकडलं की वीज का जाते?

मागणी वाढते हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की उष्णतेत यंत्रणाच दुबळी होते. तारा तापून लांबतात आणि खाली झुकतात, म्हणून त्यांतून कमी वीज सोडावी लागते. ट्रान्सफॉर्मरला रात्रीचा गारवा लागतो. रात्रही गरम राहिली तर तो निवत नाही, आणि आतल्या कागदी आवरणाचं आयुष्य ठरलेल्या तापमानापलीकडच्या दर ६ ते ८ अंशांमागे साधारण निम्मं होतं.

थंडीतही तेच. टेक्ससमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रं गारठली. काही गॅसकेंद्रांची तर वीजच तोडली गेली, कारण ‘अत्यावश्यक ग्राहक’ म्हणून त्यांची नोंद केलेली नव्हती. गॅस थांबला म्हणून वीज आणखी कमी झाली. राज्याच्या मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. आपल्या भागात अत्यावश्यक ग्राहकांची यादी कधी तपासली होती, हा विचारण्यासारखा फुकटातला प्रश्न आहे.

९. पाणीपुरवठ्याचा हवामानाशी काय संबंध?

पाणी जड असतं आणि ते चढवायला वीज लागते. पाईपमधून गळालेल्या प्रत्येक थेंबावर उपसा, शुद्धीकरण आणि दाब यांची वीज आधीच खर्च झालेली असते. म्हणून गळती रोखणं दोन्ही वह्यांत बसतं. अशी कामं थोडी असतात, ती आधी उचलावीत.

मैलापाण्यात तर ऊर्जा दडलेली असते. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहराचं मार्सेलिसबोर्ग केंद्र गाळापासून बायोगॅस काढून स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त ऊर्जा तयार करतं. नामिबियाची राजधानी विंडहूक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पुरवठ्यात सोडते. ‘लोक कधीच मान्य करणार नाहीत’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे साल लक्षात ठेवा.

१०. आम्ही पाणी वाचवलं, तरी बिल वाढलं. हा कुठला न्याय?

राग समजण्यासारखा आहे. पाईप, पंप आणि पगार यांचा खर्च पाणी कमी वापरलं म्हणून कमी होत नाही, आणि उत्पन्न मात्र वापरावर येतं. केपटाऊनमध्ये २०१८ च्या सुरुवातीला माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. लोकांनी ती इतकी मनावर घेतली की नळ बंद पडण्याचा दिवस टळला. मग महापालिकेच्या तिजोरीत खड्डा पडला आणि त्याच वर्षी स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो भरावी लागणारी ठरावीक रक्कम, जोडणी किती मोठी आहे त्यानुसार लावण्यात आला. वाचवणाऱ्यांना ही शिक्षाच वाटली.

माझ्या मते स्थिर आकार असू शकतो, पण तो संकटाच्या आधी सांगायला हवा आणि गरीब घरांना त्यातून वगळायला हवं. संकट सरल्यावर आकार लावला तर पुढच्या वेळी कुणी ऐकणार नाही. विजेतही हेच घडतं. ज्यांना परवडतं ते सोलर बसवतात आणि तारांचा खर्च उरलेल्यांवर येतो. दराच्या सुनावणीत हा मुद्दा कसा मांडायचा ते प्रश्न १२ मध्ये आहे.

११. मोर्चे आणि शाळेचे संप यांचा खरंच उपयोग होतो का?

ग्रेटा थुनबर्ग २० ऑगस्ट २०१८ रोजी स्वीडनच्या संसदेबाहेर बसली तेव्हा ती एकटी होती, वय १५. वर्षभरात जगभर लाखो मुलं रस्त्यावर आली. मोर्चा विषय पटलावर आणतो, आणि ते काम दुसरं कुणी इतक्या स्वस्तात करत नाही. पण मोर्चा तार किंवा पाईप बदलत नाही. मोर्चानंतरच्या मंगळवारी, अर्ध्या रिकाम्या सभागृहात, कंटाळवाण्या विषयपत्रिकेच्या चौथ्या मुद्द्यावर कोण हजर होतं यावर पुढचं बरंच ठरतं.

१२. आम्ही १५-१६ वर्षांचे आहोत, मतदानाचा हक्क नाही. काय करता येईल?

मत नसलं तरी हरकत नोंदवता येते. बऱ्याच ठिकाणी वीजदर, पाणीदर, विकास आराखडा आणि पर्यावरण परवाने यांवर जाहीर सुनावणी होते, आणि तिथे बोलायला वयाची अट सहसा नसते. नियम आधी वाचा. सुनावणीला जाणारे बहुतेक लोक वकील, मोठे ग्राहक आणि कंपनीची माणसं असतात. दहा मुलं नीट तयारी करून गेली तर नोंद घ्यावीच लागते, कारण लेखी हरकतीला लेखी उत्तर देणं अनेक ठिकाणी बंधनकारक असतं.

तयारी म्हणजे भाषण नव्हे. प्रस्तावाचा मसुदा उघडा आणि त्यातलं एक पान निवडा. ‘पृथ्वी वाचवा’ याला उत्तर ‘धन्यवाद’ असंच मिळतं. ‘पान ४१ वर मागणीची वाढ धरली आहे, त्यात मागणी गर्दीच्या वेळेतून दुसऱ्या वेळेला हलवण्याचा पर्याय का तपासला नाही?’ याला उत्तर शोधावं लागतं. गळतीचा आकडा मागच्या तीन वर्षांत किती बदलला, हा पाण्यासाठीचा हुकमी प्रश्न. घरातल्या कमी वापराच्या ग्राहकाला स्थिर आकारातून सूट का नाही, हा दरासाठीचा.

हे जमेपर्यंत सराव म्हणून स्वतःच्या शाळेचं वीजबिल मागा. शाळा नाही म्हणाली तरी नकार कसा येतो ते शिकायला मिळतं.

आणि वर्गातली कल्पना किती लांब जाऊ शकते त्याचं एक उदाहरण. साऊथ पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये ठरवलं की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. त्यांनी आधी आपल्या प्रदेशातल्या सरकारांचे उंबरे झिजवले, वानुआतू या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाने विषय उचलला, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाचं मत आलं.

१३. थेट कोर्टात जावं का?

कायद्यात पकडायला नेमकी खुंटी असेल तरच. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १६ मुला-तरुणांनी २०२० मध्ये दावा केला आणि २०२३ मध्ये जिंकला, कारण त्या राज्याच्या घटनेत स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला आहे, आणि परवाने देताना हरितगृह वायू विचारात घेऊ नका असं सांगणारी नेमकी तरतूद समोर होती. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. अमेरिकेतल्याच हवाई राज्यात १३ मुलांनी राज्याच्या वाहतूक खात्यावर दावा लावला. जून २०२४ मध्ये तडजोड झाली. खात्याने २०४५ पर्यंत उत्सर्जन शून्यावर नेण्याचा आराखडा आणि तरुणांची सल्लागार समिती मान्य केली.

उलट बाजू: पोर्तुगालच्या सहा तरुणांनी तीसहून अधिक देशांना एकदम युरोपीय मानवाधिकार न्यायालयात खेचलं. ९ एप्रिल २०२४ रोजी अर्ज दाखलयोग्य नाही असा निकाल आला, कारण आधी स्वतःच्या देशातल्या कोर्टांत ते गेले नव्हते. गंमत म्हणजे त्याच दिवशी, त्याच न्यायालयात, देशातली कोर्टं आधी पालथी घातलेल्या स्वित्झर्लंडच्या ज्येष्ठ महिलांच्या संघटनेने खटला जिंकला. पायऱ्या गाळू नका.

१४. एक कंपनी आमच्या तरुण गटाला पैसे देऊ करते आहे. घ्यावेत का?

जिच्यावर उद्या तुम्हाला बोलावं लागेल तिच्याकडून घेऊ नका. बाकीच्यांकडून घेतले तर रक्कम आणि अटी उघड लिहा. टी-शर्टावर लोगो छापणं ही अटच आहे.

१५. झाडं लावली तर चालेल?

सावली आणि गारव्यासाठी जरूर लावा. ते दुसऱ्या वहीतलं चांगलं काम आहे. बॉयलरचा धूर ‘फेडण्यासाठी’ लावत असाल तर प्रश्न ५ वाचा. किती लावली हे कुणालाही सांगता येतं, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली ते विचारा.

१६. पुरवठादार लोकांच्याच मालकीचा झाला तर सगळं सुटेल का?

कधीकधी. जर्मनीतल्या शोनाऊ गावात १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर काही पालक एकत्र आले आणि दोन सार्वमतं लढवून १९९७ मध्ये गावचं वीजजाळं त्यांनी विकत घेतलं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा वीज पुरवठादार ग्राहकांनी निवडलेलं मंडळ चालवतं. १९८९ मध्ये मतदारांनी तिथली अणुभट्टी बंद करायला लावली आणि २०२१ मध्ये मंडळाने २०३० पर्यंत शून्य कार्बनचा आराखडा मंजूर केला. पण कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराने २०११ मध्ये असाच रस्ता धरला आणि नऊ वर्षं कज्जे-खटले केल्यावर २०२० मध्ये जुन्याच कंपनीशी करार केला.

मालकी कुणाची याइतकंच मत कुणाला आहे हेही पाहा. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट या वीज-पाणी पुरवठादाराच्या मंडळात बहुतेक जागांसाठी मताचं वजन जमिनीच्या एकरांवर ठरतं. भाड्याने राहणारा माणूस बिल भरतो, पण त्याला मत नाही.

१७. आम्ही ठराव मंजूर करून घेतला, वर्ष झालं, काहीच हललं नाही. कुठे चुकलं?

ठरावात तारीख, जबाबदार खातं आणि पैसा यांतलं काय होतं ते तपासा. पैसा नसेल तर बहुधा तिथेच अडलं. ओरेगॉनच्या पोर्टलँड शहरात २०१८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावात तो आधीच बांधलेला होता. मोठ्या किरकोळ विक्री साखळ्यांच्या शहरातल्या विक्रीवर १ टक्का अधिभार, आणि तो जायचा स्वच्छ ऊर्जा, घरांची ऊर्जाबचत आणि रोजगार प्रशिक्षणाला, कमी उत्पन्नाच्या लोकांना झुकतं माप देऊन. ‘आम्ही प्रयत्न करू’ म्हणायला तिथे जागाच ठेवली नव्हती.

ठराव अजून मंजूर व्हायचा असेल तर नियमांतली किमान मतांची अटही पाहून ठेवा. बर्लिनमध्ये मार्च २०२३ च्या हवामान सार्वमतात नकारापेक्षा होकार थोडे जास्त पडले, तरी प्रस्ताव पडला, कारण होकार एकूण मतदारांच्या किमान २५ टक्के हवे होते आणि तेवढे होकार त्या रविवारी पडलेच नाहीत.